पेडगावचं पाणी गेलं, कागद मात्र आला नाही

(पोस्ट मोठी आहे. कॅनॉलच्या पट्ट्यातल्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचा.)

आधीच सांगतो, हे परभणीजवळचं पेडगाव. श्रीगोंद्याचं, बहादूरगडाचं पेडगाव वेगळं. आमच्याकडे किल्ला नाही. रेल्वे स्टेशन आहे, काळी माती आहे आणि जायकवाडीचा कॅनॉल आहे.

दिवाळीच्या साफसफाईत अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्र्याची पेटी उघडली. सातबाराचे उतारे, सोसायटीचं पासबुक आणि सुतळीनं बांधलेल्या पाणीपट्टीच्या पावत्या. अण्णांनी एकही पावती टाकली नव्हती. मी त्या सालाप्रमाणे लावत गेलो. सुरुवातीला रब्बीचा गहू आणि उन्हाळी भुईमूग, दोन्हीच्या पावत्या. मग उन्हाळीची कधी आहे, कधी नाही. पुढं रब्बीतही खाडे. धरण भरलेल्या एखाद्या साली पुन्हा पावती दिसते, मग परत गायब. अख्ख्या पेटीत एक कागद मात्र सापडला नाही: ‘तुमचं पाणी अमुक कामासाठी कमी करत आहोत’ असं सांगणारा.

वीसेक वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. कालवा सल्लागार समितीच्या बैठका, धरणे, निवेदनं, सगळं छापलं. पण घरातल्या पावत्या आणि सरकारी निर्णयांच्या तारखा शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. त्या रात्री बघितल्या. हे लिखाण त्यातून आलं.

सुरुवात धरणापासून. हैदराबाद संस्थानाच्या काळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरणाचा विचार झाला. नंतर जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर, त्यातला वापरता येणारा सुमारे ७६. डावा कालवा २०८ किलोमीटरचा आणि त्याच्या नावावर १ लाख ४१ हजार ६४० हेक्टर भिजवायचं काम. मधल्या काळात, १९७२ ला, परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. धरण, कालवा, विद्यापीठ. कोरडवाहू ज्वारीचा मुलूख बागायती करायचा, असा तो काळ होता.

डावा कालवा परभणी जिल्ह्यात पोचतो तोवर त्यानं शंभराहून जास्त किलोमीटर पार केलेले असतात. आमच्या चारीला पाणी येतं ते वरच्या सगळ्यांचं भागल्यावर. अण्णा नमुना सातचा अर्ज भरायचे, पाळीची तारीख विचारायला चकरा मारायचे आणि रात्री-अपरात्री कंदील घेऊन दारं धरायला जायचे. शाळेतून येताना आम्ही पोरं कॅनॉलमध्ये डुंबायचो. कॅनॉलला पाणी असलं की आजूबाजूच्या विहिरींनाही पाणी असायचं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता पाणी सरकलं कसं ते बघू. आमचं पाणी कुणी एका दिवसात पळवलं नाही. १९७० च्या दशकातच औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) शहराला नाथसागराचं पाणी सुरू झालं. शहर वाढलं, १९९० च्या दशकात दुसरी मोठी पाइपलाइन आली. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांना पाणी लागलं. उजव्या बाजूनं परळीच्या औष्णिक वीज केंद्राची गरज होती. डिसेंबर २०२० मध्ये संभाजीनगरच्या आणखी मोठ्या योजनेचं भूमिपूजन झालं. यातली एकही मागणी खोटी नाही. माणसाला प्यायला पाणी आधी, यावर पेडगावात कुणाचं दुमत नाही.

पण वाटपाची रीत नीट समजून घ्या, खरी गोम तिथं आहे. पावसाळा संपला, साधारण १५ ऑक्टोबर आला, की धरणातला साठा मोजतात. त्यातून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं पिण्याचं आरक्षण आधी बाजूला, बाष्पीभवन बाजूला, उद्योगाचं बाजूला. उरेल त्यावर शेतीची आवर्तनं ठरतात. समजा धरणात १०० बादल्या आहेत. २० आरक्षणाच्या, १० उन्हानं जायच्या. शेतीला ७० राहिल्या, सगळे खूश. पुढच्या साली धरण अर्धंच भरलं, ५० बादल्या. आरक्षण तेच २०, ऊन साधारण तेवढंच १०. शेतीला उरल्या २०. धरण निम्मं झालं, शेतीचं पाणी मात्र ७० वरून २० वर आलं. आकडे समजण्यासाठी घेतलेत, हिशोब मात्र हाच आहे. शहराला ठरलेला पगार आणि शेतकऱ्याला महिनाअखेरची चिल्लर. त्यातही जो कॅनॉलच्या शेपटाला, त्याला चिल्लरीतली चिल्लर.

म्हणून आरक्षण थोडं वाढलं तर भरल्या साली कुणाच्या लक्षातही येत नाही. कळतं ते पाच-सात वर्षांनी, दुष्काळात. २०१२, २०१४, २०१५, २०१८, २०२३ ही वर्षं आठवा. नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावं लागलं ती हीच वर्षं: २०१५ ला १२.८४ टीएमसी, २०१८ ला ८.९९, २०२३ ला ८.६. समन्यायी वाटपासाठी मराठवाड्यातले लोक कोर्टात भांडले म्हणून ते मिळालं, त्यांचे उपकार आहेतच. पण वरून आलेलं ते पाणी पहिल्यांदा कुठं जिरतं? आरक्षणात. अण्णांच्या पेटीत त्या वर्षांच्या रब्बीच्या पावत्या नाहीत.

आता कायद्याच्या तारखा. २००३ च्या राज्य जलनीतीत पाण्याचा क्रम ठरला: पहिलं पिण्याला, दुसरं उद्योगाला, तिसरं शेतीला. त्या काळात शेतीचं पाणी दुसरीकडे वळवायचे निर्णय मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीत होत. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. कुणाला किती पाणी हे आता प्राधिकरण ठरवणार, शेतकऱ्यालाही म्हणणं मांडता येणार, असं वाटलं. मग अमरावतीकडे अप्पर वर्धा धरणाचं पाणी खासगी वीज प्रकल्पाला द्यायचं प्रकरण पेटलं. त्यानंतर एप्रिल २०११ मध्ये कायदा दुरुस्त झाला. वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधी झालेले निर्णयही कायदेशीर ठरले. त्याच साली मे महिन्यात क्रम बदलून शेतीला दुसऱ्या जागेवर आणलं. म्हणजे जागा मिळाली तेव्हा जागा वाटून झाल्या होत्या.

आता पैशाचं बोलू. अर्थशास्त्र शिकलेला माझा एक मित्र म्हणतो, “पाणी जिथं जास्त कमावतं तिथं जाणारच, तुझ्या भावनेनं ते थांबत नाही.” त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. एका एकरावर १० सेंटिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे ४ लाख लिटर लागतं. शेतीचा दर हजार लिटरला पैशांत आहे. पाणी हाच ज्यांचा कच्चा माल, त्या बाटलीबंद पाणी नि शीतपेयांच्या कारखान्यांना २०१८ मध्ये हजार लिटरला १२० रुपये दर लागला. त्या भावानं एका एकराची एक पाळी होते ४८ हजार रुपयांची. आमच्याकडे एका पाळीत ४८ हजारांचा गहू कधीच वाढला नाही, हे मान्य.

पण मित्राला मी विचारलं, ते ४८ हजार येतात कुणाला? पेडगावला येतात का?

त्याचंही उत्तर कागदावर आहे. शेतीचं पाणी दुसरीकडे वळवलं आणि भिजणारं क्षेत्र घटलं, तर ते पाणी घेणाऱ्यानं ‘सिंचन पुनर्स्थापना खर्च’ भरायचा असा नियम झाला. दर आधी हेक्टरी ५० हजार होता, पुढं १ लाख झाला. म्हणजे नुकसान होतं हे सरकारलाही मान्य आहे. पण तो पैसा जमा होतो पाटबंधारे महामंडळाकडे. दुसरीकडे कुठं तरी तेवढं क्षेत्र भिजवावं अशी कल्पना. ज्याच्या रानातलं पाणी गेलं त्याच्या हातात त्यातला रुपया येत नाही. त्याचा गट नंबरही त्या हिशोबात नसतो. नुकसान माझ्या बांधावर आणि भरपाई नकाशावर, असा हा व्यवहार.

जगात दुसरीकडे काय करतात? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल खोऱ्याच्या शेतकऱ्यांचं कोलोरॅडो नदीचं पाणी सॅन डिएगो शहराला हवं होतं. २००३ मध्ये करार झाला. शहर पैसे मोजणार, ते तिथल्या सिंचन संस्थेकडे जाणार, रान पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला मिळणार. ऐकायला छान. पण तिथंही लगेच प्रश्न आला: मालकाला पैसे मिळाले, त्याच्या रानात राबणाऱ्या मजुराचं काय? बी-बियाणं विकणाऱ्याचं काय? त्यांच्यासाठी वेगळा निधी काढावा लागला. शेतातून झिरपून जाणारं पाणी कमी झालं तसं सॉल्टन सी नावाचं मोठं तळं आटत गेलं. गळती थांबवायला कालव्याला अस्तर केलं, तर सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या विहिरींना मिळणारं झिरपण बंद झालं.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. कॅनॉलचं पाणी फक्त अर्ज भरणाऱ्याचं नसतं. विहिरीवाल्याचं, गुरांचं, भुईमूग उपटायला जाणाऱ्या बायांच्या मजुरीचंही असतं. उन्हाळी भुईमूग बंद झाला तेव्हा एप्रिल-मेची मजुरी बंद झाली. ती कुठल्याच पावतीवर नव्हती, म्हणून कुठल्याच हिशोबात आली नाही.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळा दोष शहरावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. वरच्या खोऱ्यात ठरल्यापेक्षा जास्त पाणी अडलं. नाथसागर उथळ आणि पसरट, ऊन त्यातलं पुष्कळ पितं. कॅनॉलच्या वरच्या अंगाला ऊस उभा राहिला, तो आपल्याच भाऊबंदांचा. चाऱ्या फुटल्या, दुरुस्ती राहिली. पेडगावचं पाणी शहरानं घेतलं तसं उसानंही घेतलं. उसानं घेतलेल्याचा तर ठरावसुद्धा होत नाही.

माझ्या घराचंच सांगतो. मी राहतो परभणीत, नळाचं पाणी पितो. शहराला चार दिवस पाणी आलं नाही तर बातमी मीच करतो. धाकटा भाऊ वाळूजला एका कंपनीत कामाला आहे. रब्बी बेभरवशाची झाली तेव्हा तो गेला. मागं सणाला आला तेव्हा पावत्या दाखवल्या. बराच वेळ उलटसुलट करून म्हणाला, “दादा, पाणी गेलं तिकडंच मी गेलो, बघ.”

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला प्रगती म्हणत असतील. असेलही. भावाचा पगार अण्णांच्या गव्हापेक्षा जास्त आहे. पण अण्णांना त्या सौद्यात कुणी विचारलं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाला वाळूजची कंपनी घेत नाही आणि भूमिहीन मजुराला तर सौद्याची खबरही नसते.

मग मागायचं काय? पाणी परत द्या असं मी म्हणत नाही, लाखोंच्या घशातलं काढून कुणी देणार नाही आणि देऊही नये. माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

एक, आरक्षण वाढवताना कोणत्या वितरिकेचं किती हेक्टर घटणार ते गावाच्या नावानिशी जाहीर करा आणि तो कागद ग्रामपंचायतीत लावा.

दोन, पुनर्स्थापनेचा पैसा ज्या गावाचं पाणी गेलं त्या गावात खर्च करा. विहीर पुनर्भरण, शेततळी, चारी दुरुस्ती, मजुरांना काम.

तीन, शहरानं पाणी वापरून परत द्यावं. घेतलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं अभियंते धरतात. ते शुद्ध करून कारखान्यांना द्या आणि कारखान्यांचं धरणातलं आरक्षण तेवढं सोडा. आमच्या परभणीलाही हे लागू आहे, पिंगळगड नाल्याकडे बघितलं तरी कळेल.

पावत्या परत सुतळीनं बांधून पेटीत ठेवल्या. अण्णा म्हणाले, “फेकू नको, कधी हिशोब झाला तर लागतील.”

तुमच्या घरी अशा पावत्या असतील तर काढा, सालाप्रमाणे लावा. शेवटची उन्हाळी पाळी कोणत्या साली मिळाली, ते खाली गावाच्या नावासह लिहा. सरकारनं केला नाही तो हिशोब आपण तरी सुरू करू.