चार महिन्यांचं राज्य

बसरा म्हटलं की आपल्याला मोती आठवतात. पण नोव्हेंबर १९१४ मध्ये तिथे उतरली ती ब्रिटिशांची ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. कूतच्या वेढ्यात उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ती तुर्कांना शरण गेली. पुढच्याच महिन्यात सायक्स-पिको करार करून ब्रिटन आणि फ्रान्सने तुर्कांच्या ताब्यातला अरब मुलूख गुपचूप वाटून घेतला.

आजच्या संघर्षाचं मूळ त्या नकाशातल्या रेघांत आहे, असं तुम्ही ऐकलं असेल. पण रेघा पुढे बदलल्या. फ्रान्सच्या वाट्याचं मोसुल आज इराकमध्ये आहे. सलत राहिला तो शब्दभंग. १९१५ मध्ये ब्रिटिशांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं. त्या भरवशावर त्यांनी तुर्कांविरुद्ध बंड केलं. १९१७ मध्ये बाल्फोर यांनी पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा जाहीर केला. मार्च १९२० मध्ये दमास्कसच्या काँग्रेसने हुसेनपुत्र फैसल यांना राजा घोषित केलं. जुलैमध्ये फ्रेंच फौजेने ते राज्य मोडलं.

‘तिथले लोक कायमच भांडत आलेत,’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच सांगा: १९२० मध्ये दमास्कसमध्ये ते राज्यघटना लिहीत होते.