पाणी आंत कां शिरतें ?

शाळेच्या प्रयोगशाळेंतला एक जुना प्रयोग आपणांपैकीं पुष्कळांनीं केला असेल. सोललेल्या बटाट्यांत वाटीसारखा खळगा कोरावयाचा, त्यांत साखरेचें दाट पाणी घालावयाचें, बटाटा साध्या पाण्यांत ठेवावयाचा, आणि कांहीं वेळानें खळग्यांतलें पाणी वर चढलें कीं वहींत ‘परासरण’ असा शब्द लिहून मोकळें व्हावयाचें. ह्या शब्दामागचा अर्थ उलगडावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं, हें पाठ्यपुस्तक सहसा सांगत नाहीं.

1748 सालीं फ्रान्समध्यें आबे नोले ह्यांनीं मद्यार्कानें भरलेल्या कुपीच्या तोंडाला मूत्राशयाचें कातडें बांधलें, व हवेचा संपर्क टळावा म्हणून कुपी पाण्यांत बुडवून ठेविली. पांचसहा तासांनीं पाहतात तों कातडें टम्म फुगलेलें! टांचणी टोंचतांच आंतील द्रवाची चिळकांडी उडाली. नोले ह्यांनीं उलटही करून पाहिलें. आंत पाणी व बाहेर मद्यार्क ठेवतांच कातडें आंत ओढलें गेलें. इतकें स्वच्छ निरीक्षण, पण पुढें पाऊणशें वर्षें त्याकडे फारसें कोणी वळलें नाहीं.

1826 च्या सुमारास द्युत्रोशे ह्या फ्रेंच वैद्यानें सजीव पेशींतही हेंच घडतें असें दाखविलें. कारण मात्र त्यानें विजेंत शोधलें. न उलगडणारी गोष्ट विजेच्या माथीं मारण्याची त्या काळीं चालच होती. आपल्या काळांतही अशा चालींची वाण नाहीं. परंतु त्यानें ह्या ओघाचा जोर मोजण्याचें साधन तयार केलें, हें त्याचें खरें ऋण.

अडचण कातड्याची होती. त्यांतून पाण्याबरोबर साखरही थोडीथोडी निसटे. मद्याचा व्यापार सांभाळून संशोधन करणाऱ्या मोरिट्झ ट्राउबे ह्या जर्मन गृहस्थानें 1867 सालीं ती दूर केली. मोरचुदाचें पाणी व पोटॅशियम फेरोसायनाइडचें पाणी जेथें भेटतात, तेथें एक तपकिरी पापुद्रा धरतो. तो पाण्यास वाट देतो, साखरेस देत नाहीं. पापुद्रा नाजूक, जराशा दाबानें फाटणारा. वनस्पतिशास्त्रज्ञ प्फेफर ह्यानें तो सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या अंगांत धरविला आणि 1877 सालीं आंकडे प्रसिद्ध केले. शेंकडा 1 साखरेच्या पाण्यानें पारा सुमारें 53 सेंटिमीटर चढला. शेंकडा 4 ला 208. साखर चौपट, दाबही जवळजवळ चौपट.

हे आंकडे आम्स्टरडॅम येथील ह्यूगो द व्ह्रीस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें आपले रसायनज्ञ स्नेही व्हान्ट हॉफ ह्यांना रस्त्यांत गांठ पडली असतां सांगितले, आणि द्रावणाचा दाब वायूच्याच नियमानें चालतो हें त्यांच्या ध्यानीं आलें. 1901 सालीं रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळालें. रोपट्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीं रसायनशास्त्राला नियम मिळवून दिला, ही मला ह्या कथेंतील सर्वांत गोड गोष्ट वाटते.

द व्ह्रीसची स्वतःची रीत निराळी होती. आपल्या बागांतून लावतात त्या रिओच्या पानाची जांभळी साल तो निरनिराळ्या द्रावणांत ठेवी, आणि कोणत्या द्रावणांत पेशींतील रस भिंतीपासून सुटूं लागतो तें सूक्ष्मदर्शकानें पाही. म्हणजे पेशीशीं तुल्यबळ द्रावण सांपडलें. हेंच तराजूनें करतां येतें, आणि आमच्या शाळांतून खळग्याच्या जागीं हेंच करवावें असें माझें मत आहे. बटाट्याचे सारखे तुकडे तोलावे, निरनिराळ्या साखरपाण्यांत दोनतीन तास ठेवावे, टीपकागदानें टिपून पुन्हां तोलावे. साध्या पाण्यांतले जड होतील, दाट पाण्यांतले हलके व लुळे. वजन जेथें बदलत नाहीं तो बिंदु बहुधा शेंकडा 10 च्या आसपास येतो. प्फेफरच्या आंकड्यानें गुणिलें, तर आंतील रसाची ओढ सुमारें सात वातावरणांच्या दाबाइतकी भरते! उकडलेला बटाटा घेतल्यास मात्र प्रयोग साधत नाहीं. पेशींचे पडदे मेलेले असतात.

जिवंत पडदा पाण्यास इतक्या चटकन् वाट कशी देतो, हा प्रश्न त्यानंतरही बराच काळ अनुत्तरित होता. 1992 सालीं अमेरिकेंत पीटर अ‍ॅग्रे व त्यांचे सहकारी ह्यांनीं पेशीच्या पडद्यांतील एक प्रथिन म्हणजे पाण्याची नळीच आहे असें दाखविलें. त्याच जातीचें प्रथिन दुसऱ्याच वर्षीं वनस्पतींतही आढळलें.