घोडीखालचा स्फटिक आणि फाटलेला सूर

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा इलेक्ट्रिक गिटारशी संबंध काय? संबंध एका जुन्या प्रश्नापुरता आहे: दोष कुठं संपतो आणि गुण कुठं सुरू होतो? गिटार वाजवणारी मुलं सूर मुद्दाम फाडतात, त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. चुंबकी पिकअपमधून फाडलेला सूर भरदार लागतो. घोडीखालच्या पिझो पिकअपमधून तोच सूर फाडला की कानात काचा घासल्यासारखं होतं. असं का होतं, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागेल.

१८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्यूरी या दोन भावांना आढळलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. यालाच पिझोविद्युत म्हणतात. त्यांनी क्वार्ट्झ तपासला, तुरमली तपासली, उसाची साखर तपासली आणि रोशेल मीठही. हे रोशेल मीठ टार्टारिक आम्लाचं, म्हणजे आपल्या चिंचेतल्या आंबटपणाचं. पुढं याच मिठाच्या स्फटिकापासून स्वस्त मायक्रोफोन आणि रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचे क्रिस्टल पिकअप तयार झाले.

आता वऱ्हाडात या. आमच्या लहानपणी लग्नाच्या मांडवात रेकॉर्ड वाजायची. सुईमागं क्रिस्टल, त्यामागं व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि लिंबाच्या झाडावर भोंगा. ऐकू जायला पाहिजे पलीकडच्या गावात, म्हणून आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. म्हणजे बघा, पिझो पिकअप आणि ओव्हरड्राइव्ह ही जोडी आपण गिटार डोळ्यांनी पाहण्याआधीच कानांनी ऐकली होती! फक्त तिला आपण नाव दिलं नव्हतं. आपण म्हणत होतो, ‘माइक फाटला.’ त्यात रोशेल मिठाचं दुखणं असं की ओलाव्यानं ते बिघडतं आणि ५५ अंशांच्या आसपास त्याचं काम आटोपतं. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं जातो, मग उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीचं काय होत असेल? पुढं टिकाऊ सिरॅमिक आलं तेव्हा ही अडचण सरली.

तिकडं अमेरिकेत याच काळात दोषाचा गुण होत होता. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यातला गिटारचा घरघराट बिघडलेल्या ॲम्प्लिफायरचा होता, असं सांगतात. १९६१ साली नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डवर बिघडलेल्या यंत्रातून आलेला आवाज तसाच ठेवला गेला, लोकांना तो आवडला, आणि १९६२ मध्ये तो बिघाड मुद्दाम निर्माण करणारी फझ-टोन नावाची डबी बाजारात आली. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नं ती घरोघरी नेली.

पण हे सगळे प्रयोग चुंबकी पिकअपवरचे. चुंबकाभोवतीचं वेटोळं वरच्या पट्टीतले बारीक, तीक्ष्ण स्वर स्वतःच गिळून टाकतं. त्यामुळं फाडायला जे उरतं ते आधीच गोलसर असतं. त्या पिकअपची मर्यादाच त्याची गोडी ठरली. पिझो काही गिळत नाही. नखाचा घाव, घोडीची थरथर, लाकडावरची टकटक, सगळं जसंच्या तसं पुढं पाठवतो. आणि ओव्हरड्राइव्ह या सगळ्याला वाढवून त्यातून आणखी नवे स्वर काढतो. तीक्ष्णातून अधिक तीक्ष्ण.

शिवाय एक साधं गणित आहे. पिझो हा विजेच्या दृष्टीनं कपॅसिटर. त्याची धारकता एक नॅनोफॅरड धरा, आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरचा रोध एक मेगओहम. मग १५९ हर्ट्झच्या खाली आवाज झिजायला लागतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची! म्हणजे खर्जाचा पायाच खचला, वर किंकाळी तेवढी राहिली. रोध दहा मेगओहम केला की ही सीमा १६ हर्ट्झवर उतरते. म्हणून अमरावती-अकोल्यात साध्या गिटारला पितळी चकती चिकटवून थेट डिस्टॉर्शनच्या पेडलला जोडणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे: आधी मध्ये बफर घाला, मग वरचे स्वर थोडे छाटा, आणि त्यानंतर फाडा. गिटार बदलायची घाई करू नका.

आता खरा मुद्दा. पिझो जिथं बसतो ती घोडी आपल्या परंपरेला नवी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर कानस लावून जवारी काढतो, तारेखाली दोरा सरकवतो. तार घोडीला हलकेच घासते आणि तिच्यातून स्वरांचा झोत उठतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवलं की या घोडीमुळं तारेत असे स्वरांशही उमटतात जे नेहमीच्या नियमानं उमटायला नकोत. मिरजेचे कारागीर जे हातानं करत आले, ते भौतिकशास्त्रानं असं मान्य केलं. म्हणजे मुद्दाम खडबडीत केलेला सूर आपण शतकानुशतकं मैफलीच्या पाठीशी ठेवला आहे.

मग जवारी आणि भोंगा यांत फरक काय? तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी वेगळी. चार तारा आपापल्या ठिकाणी झंकारतात आणि मिसळतात त्या हवेत. भोंग्यात आधी सगळं एका तारेत कोंबलं जातं आणि मग एकत्र भरडलं जातं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेला आपला मुलूख. भजनात शब्द महत्त्वाचा. भोंग्यात खंजिरी, पेटी आणि गळा एकमेकांना खातात, आणि पहिला बळी जातो तो शब्दाचा. आज मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर आले, तरी हा रोग तोच आहे.

आणि इथं पिझोचा गुण दिसतो. घोडीत प्रत्येक तारेखाली वेगळा स्फटिक बसवता येतो. सहा तारांचे सहा संदेश वेगवेगळे काढून प्रत्येकाला स्वतंत्र ओव्हरड्राइव्ह दिला, तर सहाही तारा एकत्र छेडल्या तरी चिखल होत नाही. प्रत्येक सूर फाटतो, पण आपल्या जागेवर. ज्या स्फटिकाला आपण कर्कश म्हणून टाकून दिलं, तोच विजेच्या वाद्याला तंबोऱ्याच्या जवळ नेतो.

तेव्हा आवाज फाटला का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. तो कुठं फाटला, कुणाच्या निवडीनं फाटला, आणि फाटताना शेजारच्याचा सूर शाबूत राहिला का, असं विचारायला पाहिजे. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. वाद्यं आणली असतील तर तीही पुढं आणा, वाजवून बघू.