संगणक जाळे प्रयोगशाळा

संगणक जाळे प्रयोगशाळा ही इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजेच संगणकांमधील संदेशवहनाचे नियम, प्रत्यक्ष प्रयोगांतून शिकण्याची व्यवस्था आहे. येथे विद्यार्थी लहान जाळे उभारतात, त्यातून जाणारी पॅकेट टिपतात आणि मुद्दाम बिघाड घडवून त्याचे परिणाम तपासतात.

पार्श्वभूमी

भारतातील संगणक जाळ्यांची सुरुवात शिक्षण व संशोधनाच्या क्षेत्रातच झाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये एर्नेट हा प्रकल्प सुरू केला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था त्यात सहभागी होत्या. प्रारंभी या जाळ्यावर टीसीपी/आयपी आणि ओएसआय हे दोन्ही प्रोटोकॉल संच चालत. पुढे टीसीपी/आयपी प्रचलित झाला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

प्रमुख प्रयोग

* मार्गशोध: ट्रेसरूट ही आज्ञा प्रथम आयुर्मर्यादा १ असलेले पॅकेट पाठवते. प्रत्येक राउटर ही संख्या एकाने कमी करतो. ती शून्य झाल्यास पॅकेट टाकून देऊन प्रेषकाला तसे कळवतो. मर्यादा क्रमाने वाढवत गेल्यास मार्गातील राउटर उघड होतात.
* जोडणी: टीसीपीमध्ये माहिती पाठवण्यापूर्वी सिन, सिन-अ‍ॅक आणि अ‍ॅक अशा तीन संदेशांची देवाणघेवाण होते.
* पॅकेटहानी: काही पॅकेट मुद्दाम गाळल्यास टीसीपी ती पुन्हा पाठवतो व वेग कमी करतो, यूडीपी स्वतःहून तसे करत नाही.
* सुरक्षितता: टेलनेटवर टाकलेला पासवर्ड टिपलेल्या पॅकेटमध्ये सरळ वाचता येतो, तर एसएसएचवर तो कूटबद्ध असतो.

साधने

पॅकेट टिपण्यासाठी वायरशार्क वापरले जाते. इथेरिअल या नावाने १९९८ मध्ये आलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरला २००६ मध्ये सध्याचे नाव मिळाले. मिनिनेटच्या साहाय्याने लिनक्सच्या एकाच संगणकावर अनेक संगणकांचे व स्विचचे आभासी जाळे उभारता येते. त्यामुळे महागडी उपकरणे नसलेल्या महाविद्यालयांतही बहुतेक प्रयोग करता येतात.

मर्यादा आणि कायदा

आभासी जाळ्यात सैल जोडणी किंवा तुटलेली केबल यांसारखे बिघाड प्रत्यक्ष हाताळता येत नाहीत. तसेच जाळ्याचा वेग मूळ संगणकाच्या क्षमतेवर अवलंबून राहतो. इतरांच्या जाळ्यात परवानगीविना शिरून माहिती मिळवणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ चे उल्लंघन ठरते. म्हणून पॅकेट टिपण्याचे प्रयोग स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या स्वतंत्र जाळ्यावरच करावे लागतात.