ग्रेटफुल डेड: सुरुवात कुठून करायची?

हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना मी जिथे फारच भरकटलो तेवढं कापलंय, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.

साठच्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोचा विषय निघाला की ग्रेटफुल डेड हे नाव येतंच, आणि त्यामागोमाग एकच प्रश्न येतो: "ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू?" बीटल्सबद्दल कुणी विचारलं असतं तर दोन अल्बमांची नावं सांगून मी मोकळा झालो असतो. इथे तसं जमत नाही.

हाच प्रश्न मला पूर्वी आमच्या शेजारच्या काकांनी विचारला होता. काका म्हणजे पक्के शास्त्रीयवाले. सवाईला शेवटच्या भैरवीपर्यंत बसणारे. घरी जुन्या मैफलींच्या कॅसेटींचं एक अख्खं कपाट. मी त्यांना 'अमेरिकन ब्यूटी' हा अल्बम दिला, कारण सगळे तोच सांगतात. चार दिवसांनी परत करताना काका म्हणाले, "गाणी गोड आहेत रे. पण यांच्यामागे माणसं वर्षानुवर्षं गावोगाव फिरायची म्हणतोस, ती कशासाठी? हे तर घरी बसून ऐकता येतं की."

मला उत्तर देता आलं नाही. चूक काकांची नव्हती, मी दिलेल्या अल्बमची तर नव्हतीच. चूक क्रमाची होती. पण क्रम कळण्याआधी या लोकांचं आणि रेकॉर्ड नावाच्या वस्तूचं तीस वर्षं का पटलं नाही, ते बघावं लागतं.

१९६५ साल. कॅलिफोर्नियात पालो आल्टो भागात पाच जण एकत्र आले. जेरी गार्सिया हा बँजो वाजवणारा, ब्लूग्रासवर वाढलेला. फिल लेश ट्रम्पेटवाला, आधुनिक पाश्चात्त्य संगीतरचनेचा विद्यार्थी, बेस गिटार त्याने बँडमध्ये येईपर्यंत हातात धरली नव्हती. रॉन मॅककर्नन, ज्याला सगळे पिगपेन म्हणायचे, तो ब्लूजवाला. बिल क्रॉइट्झमन ड्रम्सवर. आणि बॉब वीर, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. असली माणसं एका खोलीत कोंडली तर भांडण व्हायचं किंवा काहीतरी वेगळंच निघायचं.

वेगळं निघालं त्याला एक कारण घडलं. लेखक केन केसी त्या काळात 'ॲसिड टेस्ट' नावाचे जलसे भरवायचा. एलएसडी तेव्हा तिथे बेकायदा नव्हतं. या जलशांमध्ये बँड हा कार्यक्रम नव्हताच. वाजवावंसं वाटलं तर वाजवा, नाहीतर थांबा. तिकीट काढून समोर बसलेला श्रोता नाही, वेळेची अट नाही, लोक नाचतायत तोवर गाणं संपवायची घाई नाही. तीन मिनिटांचं गाणं वीस मिनिटांवर गेलं तरी अडवणारं कुणी नाही. ज्याला पुढे 'जॅम बँड' म्हणू लागले त्याचा पाया हा असा, सोयीचा आणि थोडा नशेचा. त्यात फार तत्त्वज्ञान शोधू नका.

मग १९६७ मध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी पहिला अल्बम झाला. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, थोड्याच दिवसांत, गाणी पळवत पळवत. ऐकलात तर वाटेल गाडी चुकतेय की काय! पुढच्या 'अँथम ऑफ द सन'मध्ये त्यांनी वेगवेगळ्या रात्रींच्या मैफलींचे तुकडे आणि स्टुडिओतलं वादन एकमेकांवर रचलं. निर्माता मध्येच काम सोडून गेला. तिसऱ्याच्या वेळी, म्हणजे 'ऑक्सोमॉक्सोआ'च्या वेळी, काम चालू असतानाच सोळा ट्रॅकचं नवं यंत्र आलं, आणि या पठ्ठ्यांनी झालेलं काम बाजूला ठेवून सगळं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. कंपनीचं कर्ज झालं सुमारे १ लाख ८० हजार डॉलर. १९६९ चे डॉलर, लक्षात घ्या.

या कर्जातून आला 'लाइव्ह/डेड'. हिशेब सरळ होता. स्टुडिओ महाग आणि मैफल स्वस्त, तेव्हा ते सोळा ट्रॅकचं यंत्रच मैफलीत न्यायचं. १९६९ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोतल्या ॲव्हलॉन बॉलरूम आणि फिलमोर वेस्टमध्ये ते वाजले, आणि त्यातून दोन रेकॉर्डींचा संच निघाला. पहिली पूर्ण बाजू म्हणजे एकच गाणं, 'डार्क स्टार', तेवीस मिनिटांचं. हेच गाणं वर्षभरापूर्वी सिंगल म्हणून आलं होतं तेव्हा तीन मिनिटांच्या आत संपत होतं.

आपल्या कानांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. जुन्या ७८च्या तबकडीवर तीन मिनिटांत बसवलेला राग आणि तोच राग रात्री मैफलीत तासभर. तबकडी खोटी नसते. पण ती ऐकून गवयाचा अंदाज बांधणाऱ्याला आपण काय म्हणतो? ग्रेटफुल डेडचे स्टुडिओ अल्बम १३, आणि कार्यक्रम सुमारे २३००. म्हणजे 'अमेरिकन ब्यूटी' देऊन मी काकांच्या हातात तबकडी ठेवली होती आणि म्हणालो होतो, ही घ्या मैफल.

आता 'अमेरिकन ब्यूटी'बद्दल, कारण तिच्यावर अन्याय नको. १९७० मध्ये दोन अल्बम पाठोपाठ आले, जूनमध्ये 'वर्किंगमन्स डेड' आणि नोव्हेंबरमध्ये 'अमेरिकन ब्यूटी'. कर्ज डोक्यावर होतं. त्यात मॅनेजर लेनी हार्टने बँडचे पैसे लांबवल्याचं उघड झालं. हा लेनी कोण? तर बँडचा दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट, त्याचा सख्खा बाप. मिकी शरमेने १९७१ च्या सुरुवातीला बँडमधून बाहेर पडला, तो थेट १९७४ च्या शेवटी परतला. अशा वर्षात हे लोक स्टुडिओत गेले आणि, आश्चर्य म्हणजे, साधे झाले. ध्वनीचे प्रयोग बंद. अकूस्टिक गिटारी, तिघांचे एकत्र मिळालेले गळे, आणि रॉबर्ट हंटरचे शब्द. हंटर स्टेजवर कधी उभा राहायचा नाही, पण बँडने त्याला सदस्यच मानलं. फिल लेशचे वडील आजारी होते. त्यांना भेटायला जाताना गाडीत गुणगुणायला म्हणून फिलने एक चाल बांधली आणि हंटरने तिला शब्द दिले. ते 'बॉक्स ऑफ रेन'. गार्सियाची आईही त्याच सप्टेंबरमध्ये गेली. हा अल्बम गोड वाटतो खरा, पण गोडव्याखाली काय आहे ते आता परत ऐकून बघा.

तरीही सुरुवातीला हा नको. किंवा हवा तर अर्धा ऐका आणि लगेच 'युरोप '७२' लावा. माझं उत्तर तेच आहे: सुरुवात 'युरोप '७२' पासून.

कारण सांगतो. १९७२ च्या एप्रिल-मे महिन्यांत बँड बायकापोरं, मित्रमंडळी असा सगळा कबिला घेऊन युरोपात गेला. २२ कार्यक्रम. खर्च वॉर्नरने उचलला, त्या बदल्यात अल्बम घेतला. तो तीन रेकॉर्डींचा निघाला. यात १९७० ची गाणी आहेत आणि १९६९ चा विस्तारही आहे, दोन्ही एकाच ताटात. शिवाय 'जॅक स्ट्रॉ', 'ब्राउन-आइड विमेन', 'टेनेसी जेड', 'ही'ज गॉन' अशी गाणी आहेत, जी त्यांनी कुठल्याच स्टुडिओ अल्बमवर कधी घेतली नाहीत. म्हणजे नुसते स्टुडिओ अल्बम ऐकणाऱ्याला ती भेटतच नाहीत. 'ही'ज गॉन' हे त्या पळालेल्या लेनीवरून सुचलेलं. कीथ गॉडशोचा पियानो नुकताच आला होता, आणि मिकी नसल्यामुळे ड्रम्सवर एकटा क्रॉइट्झमन. त्यामुळे वादन हलकं आहे, हवेशीर आहे, कोण काय करतंय ते नवख्यालाही ऐकू येतं. एक कबुली द्यायला हवी. घरी परतल्यावर त्यांनी गळे बऱ्यापैकी पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते. शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडू देत.

पिगपेनचा मात्र हा शेवटचा मोठा दौरा ठरला. यकृत संपत आलं होतं. मार्च १९७३ मध्ये तो गेला, वय २७. 'लाइव्ह/डेड'च्या तिसऱ्या बाजूवर तोच गातोय, पंधरा मिनिटं एकट्याने गर्दी खेळवत. युरोपनंतर ते ऐकलं की जीव गलबलतो. म्हणून 'लाइव्ह/डेड' दुसऱ्या क्रमांकावर.

तिसरा टप्पा म्हणजे १९७७. पण आधी टेपांचं सांगतो, कारण इथे आपल्यालाही शरम वाटावी असा एक भाग आहे.

या बँडच्या कार्यक्रमांत लोक सुरुवातीपासून टेपरेकॉर्डर नेऊन ध्वनिमुद्रण करायचे. बाकीचे बँड अशांना बाहेर काढायचे. यांनी बरंचसं चालू दिलं आणि ऑक्टोबर १९८४ पासून टेप करणाऱ्यांना सभागृहात वेगळी जागाच आखून दिली. अट एकच, विकायचं नाही. तू मला कोरी कॅसेट पाठव, मी भरून देतो. अशाने एकेक मैफल हजारो घरांत पोचली. आणि आपल्याकडे? खासगी बैठकांची किती ध्वनिमुद्रणं कुणाकुणाच्या कपाटात बुरशी खात पडली, मालक गेल्यावर रद्दीत गेली. "ऐकवीन, पण टेप देणार नाही." हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. काकांच्या तोंडूनच.

तर ८ मे १९७७. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. मे महिन्यात बाहेर बर्फ पडत होता. ध्वनिमुद्रण करत होती बेटी कॅन्टर-जॅक्सन. ही बँडची ध्वनितंत्रज्ञ, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात जिचं नाव सर्वांत कमी घेतलं जातं ती व्यक्ती. तिच्या टेपांतला समतोल इतका नेमका की त्यांना 'बेटी बोर्ड्स' असं नावच पडलं. पुढे दिवस फिरले, टेपा ठेवलेल्या भाड्याच्या गोदामाचं भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये तिथल्या सामानाचा लिलाव झाला. टेपा अनोळखी लोकांच्या हाती गेल्या. त्या खऱ्या अर्थाने जगल्या त्या प्रती काढून वाटणाऱ्या चाहत्यांमुळे. कॉर्नेलची मैफल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली तेव्हा ती अधिकृतपणे बाजारात आलेलीही नव्हती. ती आली २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी.

त्यात 'स्कार्लेट बिगोनियाज' संपता संपता 'फायर ऑन द माउंटन' सुरू होतं. जोड कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. आणि या दुसऱ्या गाण्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. मिकी हार्ट साठच्या दशकाच्या शेवटी उस्ताद अल्लारखांकडून ताल समजून घेऊ लागला. पुढे मुंबईचे झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजात शिकवू लागले आणि त्यांनी तिथे विद्यार्थ्यांचा एक तालवाद्यमेळ उभा केला. मिकी त्यात शिरला. त्याचाच झाला दिगा ऱ्हिदम बँड, आणि १९७६ मध्ये 'दिगा' नावाचा अल्बम. त्यातल्या 'हॅपिनेस इज ड्रमिंग' या तुकड्यावर गार्सियाने गिटार वाजवली. त्याच तुकड्यातून 'फायर ऑन द माउंटन' उगवलं.

मला ही साखळी सापडल्यावर मी पुन्हा काकांकडे गेलो. या वेळी क्रम बदलला. आधी 'लाइव्ह/डेड'मधलं 'द इलेव्हन' लावलं, तालाविषयी काही न सांगता. काकांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. दोनदा मोजून म्हणाले, "अकरा? अरे, हे अकरात वाजवतायत!" मग दिगा. मग कॉर्नेल.

बाकीचं थोडक्यात. १९७४ ची तीन मजली ध्वनिभिंत, तिचा न पेलणारा खर्च आणि वर्षभराहून जास्त घेतलेली सुट्टी हा वेगळ्या भागाचा विषय आहे. १९७७ चाच स्टुडिओ अल्बम 'टेरापिन स्टेशन' नंतर ऐकलात तरी चालेल, त्यावर व्हायोलिनांचा फार साखरपाक ओतलाय. १९८७ चा 'इन द डार्क' हा त्यांचा भरपूर खपलेला स्टुडिओ अल्बम. 'टच ऑफ ग्रे' हे अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेलं त्यांचं एकमेव गाणं त्यातच आहे. गंमत म्हणजे त्याचा पाया त्यांनी एका रिकाम्या सभागृहात, मैफलीसारखं मांडून वाजवला होता. बावीस वर्षांनी कळलं की स्टुडिओत कसं वाजवायचं! पण गार्सियाची तब्येत तोवर ढासळली होती. १९८६ मध्ये मधुमेहामुळे तो कोमात जाऊन आला होता. ऑगस्ट १९९५ मध्ये तो गेला आणि या नावाचा बँड थांबला. १९९३ पासून निघालेली 'डिक्स पिक्स' ही मैफलींची मालिका ३६ भागांची आहे. ती निवडायला सुरुवात करणारा डिक लाटव्हाला मुळात एक टेप जमवणारा चाहताच. तिकडे इतक्यात जाऊ नका, बुडाल.

कॉर्नेल संपल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे ८ मेचं. दुसऱ्या दिवशी कुठे वाजले?"

"बफेलोला. ९ मे."

"आहे तुझ्याकडे?"

मी म्हटलं, "आहे. पण काका, बदल्यात तुमच्या कपाटातली एक कॅसेट लागेल. नुसती ऐकायला नाही, प्रत काढायला."

शुक्रवारी ते दोन घेऊन आले.