गाडी तीच, गॅस नवा : आर-१२ ते आर-१३४ए

अमेरिकेत जुन्या गाड्या जपणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. एसीत मूळचा आर-१२ गॅस ठेवायचा, की आर-१३४ए भरायचा? हा प्रश्न आला कुठून, ते आज बघू.

१९२० च्या दशकात फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असायचे. गळती झाली की माणसं दगावायची. त्यावर उपाय म्हणून थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी फ्रिऑन शोधला, म्हणजेच आपला आर-१२. १९३० मध्ये मिजलीने भर सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटतही नाही! एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध.

पुढे पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिला. तो बंद करायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. तरी लोकांना चटक लागली ती लागलीच.

मग १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, की हे वायू वर जाऊन फुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनला पडलेलं भगदाड जगासमोर आणलं. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. १९९५ अखेर अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन थांबलं, आणि त्याच वर्षी मोलिना-रोलंड यांना क्रुट्झेनसोबत नोबेल मिळालं.

आता जुनी गाडी. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हे साधं अपडेट नाही, मायग्रेशन आहे. आर-१२ सोबतचं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. मग कॉम्प्रेसरपर्यंत तेल पोहोचत नाही आणि तो कोरडा झिजतो. म्हणून एस्टर किंवा पीएजी ऑइल घालायचं. ड्रायर आणि ओ-रिंग बदलायच्या. जुन्या रबरी होजमधून नवा गॅस जास्त झिरपतो, तेही बघायचं. कडक उन्हात कंडेन्सरमधला दाब जास्त चढतो, म्हणून गॅस मूळ मापाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरतात. मोठा कंडेन्सर लावला तर उत्तम. दोन गॅसची सरमिसळ होऊ नये म्हणून भरायची तोंडंही वेगळी ठेवली आहेत. आणि जुना गॅस हवेत सोडायचा नाही, मशीनने काढून घ्यायचा. अमेरिकेत १९९२ पासून तसा कायदाच आहे.

एवढं करूनही गोष्ट संपत नाही, बरं का. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरदार. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्याच्या गटालाही कात्री लागली.

मिजलीने जीव वाचवायलाच गॅस शोधला होता. त्याच्या काळात ‘सुरक्षित’ म्हणजे खोलीतल्या माणसाला सुरक्षित. आपल्याला त्या शब्दात आकाशही धरावं लागतं. भेटू पुढच्या भागात!