फायलीतला मामा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनीच्या बाजूला गेलात की तलाव मोजायचे सोडून द्यावे लागतात. एक संपतो न संपतो तो दुसऱ्याची पाळ दिसते. त्यांतल्या बऱ्याच तलावांना सरकारी कागदात एकच आडनाव आहे: मा. मा. तलाव. लोक सरळ ‘मामा तलाव’ म्हणतात. पाहुण्याला वाटते, कुणाच्या तरी मामाने भाच्यांसाठी खोदून ठेवलेला असणार. कल्पना गोड आहे, पण खरी नाही. पहिला ‘मा’ माजीचा, दुसरा मालगुजारीचा. माजी मालगुजारी तलाव. आपल्या कचेऱ्यांना लांब नावे आवरून ठेवायची सवय आहे. लघु पाटबंधारेचे ‘लपा’ झाले, सार्वजनिक बांधकामाचे ‘साबां’, रोजगार हमीचे ‘रोहयो’. यांतले कुणी आपल्या नात्यात आले नाही. तलाव तेवढा मामा झाला.

या दोन अक्षरांत पूर्व विदर्भाची तीनशे वर्षे बसली आहेत. सरकारी योजनेत लोक का येतात आणि का येत नाहीत, हेही त्यांच्यातच आहे. अक्षरे उलटीकडून सोडवत गेले की कुळी लागते.

आधी दोन्ही ‘मा’ नव्हते तेव्हाचे. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत पाऊस भरपूर, वर्षाला सव्वा हजार मिलिमीटरच्या आसपास. पण धानाला नुसता भरपूर पाऊस पुरत नाही, तो वेळेवर लागतो. रोवणा झाला, बांध्या म्हणजे धानाची खाचरे हिरवी झाली, आणि धान निसवायच्या, लोंबी बाहेर पडायच्या ऐन वेळी हस्ताचा पाऊस दगा देऊन गेला, तर हातात तणस उरते. तेवढ्या दोन-तीन आठवड्यांचे पाणी साठवून ठेवण्यासाठी हे तलाव जन्माला आले.

ते बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव पहिले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना बरोबर आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. उसाचा नाद आणि उताराची नजर, या दोन गोष्टींसाठी कोहळी ओळखले जात. कुठल्या दोन टेकड्यांमधली फट मातीने बुजवली की मागे पाणी थांबेल, हे ते जमीन पाहून सांगत. नवेगाव बांधचा प्रचंड जलाशय असाच. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला असे मानतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटील स्वतः कोलासुर या नावाने तिथला देव होऊन बसला आहे. धरण बांधणाऱ्या कार्यकारी अभियंत्याला अजून तरी कुठे शेंदूर लागलेला नाही.

पण एवढी माती लोकांनी उपसली कशासाठी? गोंड राज्यात एक रीत होती. तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन इनाम मिळे. तिला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीच्या नावात तो शब्द आजही शिल्लक आहे. राजा हीरशहाच्या नावावर ही रीत सांगितली जाते. तिचा मसुदा एका ओळीत मावतो: तू तलाव बांध, भिजेल तेवढे तुझे. लोकसहभागाची इतकी आखूड योजना नंतर कुणाला लिहिता आलेली नाही. यात राजाचा खर्च शून्य, आणि तलाव फुटला तर बांधणाऱ्याचेच पोट फुटणार. म्हणून पाळ पक्की होई. ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने १९९७ साली काढलेल्या ‘डाइंग विज्डम’ या अहवालात जुन्या भंडारा जिल्ह्यात कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांचा आकडा ४३,३८१ असा दिला आहे. मैलभर पसरलेला बांध आणि शेताच्या कोपऱ्यातली बोडी, म्हणजे लहानसे तळे, ही दोन्ही एकाच रांगेत उभी केल्याशिवाय हा आकडा एवढा होत नाही, पण बोड्या सोडल्या तरी पसारा थक्क करणारा आहे.

तलाव जवळून पाहिला तर त्याचे अवयव मोजके आहेत. समोर मातीची पाळ. एका अंगाला सांडवा, म्हणजे जास्तीचे पाणी पाळीवरून न जाता बाजूने निघून जाते आणि खालच्या गावाच्या तलावात पडते. पाळीच्या पोटात तुडूम, पाणी सोडायचे तोंड. तुडूम किती उघडायचे, कुठल्या बांधीला आधी द्यायचे, शेवटच्या धुऱ्यापर्यंत पाणी कधी पोचायचे, हे गावात ठरत असे. उन्हाळ्यात गाळ बैलबंडीतून शेतात जाई. तलाव मोकळा होई आणि शेताला खत मिळे. ‘गाळमुक्त’ आणि ‘गाळयुक्त’ हे दोन्ही शब्द सुचायच्या आधीपासून ते काम चालू होते.

आता दुसरा ‘मा’. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजांनी जमीन-महसुलाचा बंदोबस्त केला. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सारा गोळा करून देणारा होता. इंग्रजांनी त्याला गावाचा मालक करून टाकले. शब्द फारसीतून आला: माल म्हणजे महसूल, गुजार म्हणजे तो चुकता करणारा. भरणारा होता तो धनी झाला, आणि गावाबरोबर तलावही त्याच्या नावे लागला. तलाव आधीचाच होता, कागद नवा. पण पाण्यावर गावाचाही हक्क होता, आणि अशा रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तात टिपल्या गेल्या. मालगुजार मालक असला तरी तुडूम बंद करून गावाला कोरडे ठेवण्याची मुभा त्याला नव्हती.

या काळाला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. पाळीवर माती टाकायला गाव निघत होते हे खरे, पण त्यात किती जण मनाने निघत आणि किती वेठीने, हा प्रश्न मालगुजाराच्या वाड्यावर कुणी विचारत नसे. ज्याच्या नावे एक बांधी नाही त्या मजुराने टोपल्या वाहायच्या आणि पाणी दुसऱ्याच्या धानाला जायचे. तलावात जाळे टाकणारा ढिवर पाण्याचा जाणता होता, पण मालकीच्या कुठल्याच कागदावर तो नव्हता. लोकसहभाग या शब्दातले ‘लोक’ कोण, हा वाद त्या पाळीवरच सुरू झालेला आहे.

मग पहिला ‘मा’ आला. हा प्रदेश तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या विधिमंडळाने १९५० साली मालकी हक्क संपुष्टात आणण्याचा कायदा केला, आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. गाव सरकारचे झाले, जंगल सरकारचे झाले, आणि तलावही. मालगुजार माजी झाला, त्याच्या मागोमाग तलावही माजी. कायदा न्यायाचाच होता. एका घराच्या हातात अख्खे गाव असणे कुणाला शोभत नव्हते. पण मालकी काढून घेताना तिच्या बुडाशी चिकटलेली कर्तव्येही निघून आली. तुडूम कुणी उघडायचे, पाळीवरचे उंदराचे बीळ कुणी बुजवायचे, गाळ कुणी न्यायचा, हे कायद्याने सांगितले नाही. जे सगळ्यांचे झाले होते, त्याला रात्री पावसात कंदील घेऊन जाऊन पाहणारा कुणी उरला नाही.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. तलाव सरकारजमा झाले ३१ मार्च १९५१ ला. अठरा महिने उलटताच, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव सांगणे सुरू झाले: लोकहो, पुढे या, श्रमदान करा, विकासात भाग घ्या. एका हाताने गावाच्या हातातले फावडे घेतले आणि दुसऱ्या हाताने फावडे उचला म्हणून विनंती केली. दोन्ही हातांचे हेतू चांगले होते. ते एकमेकांशी बोलले नव्हते, एवढेच.

१९५७ साली बलवंतराय मेहता समितीने या कार्यक्रमाचा हिशेब मांडला. लोकांचा उत्साह जागा झालेला नाही, असाच त्याचा मथितार्थ होता, आणि उपाय म्हणून पंचायत राज पुढे आले. दरम्यान भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शंभर हेक्टरपर्यंत ओलिताचे लहान तलाव त्यांच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा भावकीत जमीन वाटावी तसे तलावही वाटले गेले. गोंदियाच्या वाट्याला हजाराहून अधिक मामा आले.

आज एका तलावाला किती टेबले आहेत? पाळ आणि तुडूम एका विभागाकडे. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला. गाळ काढणे कधी रोहयोत, कधी जलयुक्त शिवारमध्ये. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तेव्हा तिच्यात गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करायचा आणि योजनेच्या कागदात तो लोकसहभाग म्हणून मोजायचा असे होते. बैलबंडीवाला आजोबा हेच करत होता. त्याला तेव्हा कुणी सहभागी म्हटले नाही, कारण तो मुळात बाहेरचा नव्हता. सहभागाचे आमंत्रण पाहुण्याला द्यावे लागते. गाव आपल्याच तलावावर पाहुणे झाले, म्हणून पत्रिका छापाव्या लागल्या. ‘मामा बनवणे’ हा मराठी वाक्प्रचार इथे ओठांवर येतो, पण कुणी कुणाला बनवले हे सांगणे अवघड आहे. सरकारला वाटते गाव हात झटकते, गावाला वाटते तलाव सरकारचा.

या गुंत्यात एक वेगळा धागा ढिवरांनी काढला. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांत बेशरम माजली होती. गुलाबी फुलांची ही झुडपे उपटली तरी पुन्हा येतात, नाव उगीच पडलेले नाही. तिने काठ गिळले, गाद आणि देवधानासारख्या पाणवनस्पती मागे हटल्या, आणि त्यांच्या आडोशाने अंडी घालणारी गावठी मासळी घटली. मच्छीमार संस्था ठेक्याच्या पाण्यात रोहू-कटल्याचे बीज सोडत राहिल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर कुटुंबांबरोबर बसून आधी एक साधी गोष्ट केली: त्यांना विचारले. कुठला मासा कुठल्या गवतात राहतो, कुठल्या तलावात कुठली वनस्पती अजून शिल्लक आहे, हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ होते. मग उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, बेशरम मुळापासून काढली, चांगल्या तलावातून वनस्पतींची रोपे आणून धान रोवावा तशी रोवली. या कामात ढिवर बायका पुढे होत्या. गावठी मासळी परतू लागली.

इथे लोक का आले? फलक लावला म्हणून नाही आले. जाळ्यात येणारी मासळी त्यांचीच होती म्हणून आले. म्हणजे तुकूमचाच हिशेब, फक्त इनाम जमिनीऐवजी मासळीत. आणि ज्यांचे नाव मालगुजारीच्या एकाही कागदावर नव्हते तेच या वेळी पहिले आले, हा या कुळकथेतला सर्वांत चांगला बदल.

शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन स्वतः करावे म्हणून महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदाही केला, पाणीवापर संस्थांची तरतूद केली. पण कागदावर संस्था असणे वेगळे आणि तुडमावर माणूस असणे वेगळे. म्हणून एखाद्या गावात लोकसहभाग आहे की नाही हे पाहायचे तर सप्टेंबर संपताना जावे. धान निसवायला लागलेला असतो, आभाळ कोरडे असते, बांध्यांना भेगा पडायच्या बेतात असतात. पारावर बसलेल्या कुणालाही विचारावे, तुडूम कोण उघडणार? उत्तरादाखल एखाद्या विभागाचे नाव आले तर तलाव अजून माजीच आहे. एखाद्या माणसाचे नाव आले, आणि पाठोपाठ ‘तो आधी टोकाच्या बांधीला पाणी देतो’ एवढी तक्रारही आली, तर खुशाल समजावे की मामा घरी परतला आहे.